लाँड्रीखालची माती कोण तपासणार?

रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये आपण मुंबईकर काय काय विचारतो! कार्पेट किती वाढवून देणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, पार्किंग टॉवरमध्ये की पोडियमवर. मातीबद्दल प्रश्न एकच, तोही आर्किटेक्टचा: खडक किती फुटांवर लागतो? आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कित्येक वर्षं ड्रायक्लीनिंगची लाँड्री होती. त्या गाळ्याखाली काय मुरलंय, असं मी विचारलं तेव्हा सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, कपडे धुवून जमीन कधी खराब होते का?"

होते. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे पाण्यात धुतच नाहीत, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या रसायनात धुतात. बऱ्याच दुकानांत तर नुसता काउंटर असतो आणि कपडे दुसरीकडे जातात, तिथे प्रश्नच नाही. पण जिथे मशीन होतं, तिथे कुठलं सॉल्व्हंट वापरत होते ते विचारायलाच हवं. आपल्याकडे 'पेट्रोल वॉश' म्हणतात त्यातलं पेट्रोल किंवा एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) पाण्यावर तरंगतं, निदान वर सापडतं तरी. पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन, त्याच्या उलट. एक लिटर पर्कचं वजन साधारण १.६ किलो. ते काँक्रीटच्या लादीतूनही झिरपतं, मातीतून उतरतं, भूजलाची पातळी ओलांडून आणखी खाली जातं आणि चिकणमाती किंवा कातळ लागला की थांबतं. मुंबईचा कातळ बेसाल्टचा, भेगा पडलेला. त्या भेगांत शिरलेलं पर्क शोधणं महाकठीण, आणि तिथून ते थोडंथोडं विरघळत वर्षानुवर्षं पाण्यात येत राहतं.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात पर्कची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करून बघा: एका लिटर पर्कने ३२ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. हा कागदावरचा हिशेब आहे, सगळं पर्क कधी असं सारखं मिसळत नाही, हे मान्य. पण एक लिटर म्हणजे काय, ड्रममधून मशीनमध्ये ओतताना महिन्याभरात सांडू शकेल इतकंच. शिवाय कपड्यांतला ओलावा सॉल्व्हंटपासून वेगळा करणाऱ्या मशीनच्या सेपरेटरमधून निघणारं पाणी, ज्यात पर्क विरघळलेलं असतं, ते जगभर सर्रास गटारात सोडलं गेलं. जुन्या गटाराचे सांधे कसे असतात ते आपल्याला कोणी सांगायला नको. सॉल्व्हंट गाळून उरणारा चिखल तर घातक कचरा. तो तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जायला हवा, दुकानामागच्या बोळात नाही.

"आपण तर तलावाचं पाणी पितो," हा पुढचा युक्तिवाद. खरं आहे. पण बोअर आणि टँकर कोणाचे? आणि पर्क फक्त पाण्यातून येत नाही. त्याची वाफ मातीतून वर चढते आणि बंद खोल्यांत साठते. नव्या टॉवरच्या बेसमेंटमधल्या जिममध्ये पहिली ती वाफ येईल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पर्कला बहुधा कर्करोगकारक म्हटलंय.

साफ करता येतं का? येतं. माती उकरून काढता येते, विहिरी मारून पंपाने वाफ खेचता येते, परमँगनेट सोडून पर्क मोडता येतं. काही जिवाणूही ते फोडतात, पण ते काम अर्ध्यावर थांबलं तर व्हिनाइल क्लोराइड उरतं, आणि ते नक्की कर्करोगकारक आहे. म्हणजे हे 'जमेल तेवढं करू' म्हणण्याचं काम नव्हे. वर इमारत उभी असताना यातलं काहीही महाग आणि कटकटीचं. जुनी इमारत पडलीय, खड्डा उघडा आहे, नवा पाया भरायचाय, तेवढाच काय तो स्वस्त वेळ. तो गेला की पुढची पन्नास वर्षं विसरा. आणि त्या खड्ड्यातली माती डंपरने कुठे जाते हो? कुठल्या तरी खाजणात भराव म्हणून. म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या घराखाली.

पैसे कोणी द्यायचे? जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम काढले, त्यांचं सूत्र 'ज्याने घाण केली त्याने भरावं'. केमिकल कारखान्याला ठीक आहे. पण पागडीच्या गाळ्यात आयुष्य काढलेला लाँड्रीवाला कुठून भरणार? त्याने तर तेव्हा सगळे करत तेच केलं. फ्लोरिडाने १९९४ मध्ये वेगळा मार्ग काढला: पर्कच्या दर गॅलनमागे ५ डॉलर कर आणि धंद्याच्या उलाढालीवर थोडा, त्यातून सफाईचा निधी. मला हे जास्त न्याय्य वाटतं. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधलं पर्क दहा वर्षांत बंद करण्याचा नियमही काढला, पण मुरलेलं पर्क नियम वाचत नाही.

आपल्याकडे असा निधी होईल तेव्हा होईल. तोवर बिल्डरबरोबरच्या करारात एक कलम घाला: गाळ्याखालची माती आणि मातीतली हवा खोदाईआधी तपासायची, खर्च प्रकल्पाचा. बोअरचं पाणी तपासायला देताना 'व्हीओसी' (पर्कसारखी उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) असं लिहून मागा, नेहमीच्या पिण्यायोग्यतेच्या तपासणीत हे येत नाही. बाटली लॅबचीच घ्या, काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. नाहीतर पर्क वाटेतच उडून जाईल आणि रिपोर्ट स्वच्छ येईल.