कमांडला टाळं ठोकून डिस्क वाचत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून आला. सार एवढंच: डिस्क उडवू शकणाऱ्या कमांड ऑपरेटिंग सिस्टिमनं मुळातच बंद ठेवायला हव्यात. कारणंही दिली आहेत. या कमांड डिस्कचं कायमचं वाटोळं करतात. सामान्य माणसाला त्या कधीच लागत नाहीत. मोबाइलमध्ये असलं काही करता येत नाही, तरी कोणाचं अडत नाही. कमांड बंद झाल्या की व्हायरसचे दात पडतील. आणि बंद करवत नसतील तर निदान तीन वेळा 'नक्की का?' असं विचारा. खाली हात जोडलेली इमोजी आणि 'पुढे पाठवा'.

लिहिणाऱ्याचा राग खरा आहे, त्याचं काहीतरी गेलं असणार. माझंही गेलंय, ते पुढे येईलच. पण दुखतंय पोट आणि बाम चोळलाय कपाळाला.

'डिस्कचं कायमचं वाटोळं करतात'

पहिला घोळ इथेच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर 'डीडी' ही डिस्कवर थेट लिहिणारी कमांड वापरून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली तरी डिस्कला काही होत नाही. तिच्यावरचा डेटा जातो. डिस्क उद्या पुन्हा वापरायला मोकळी. हा शब्दांचा कीस वाटेल, पण यंत्रच मेलं अशा ज्या मोजक्या घटना नोंदलेल्या आहेत, त्या पाहिल्या की बंदीची यादी करायला बसलेल्याची पंचाईत कळते.

ऑक्टोबर 2003. मँड्रेक लिनक्स 9.2 टाकताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे गप्प होऊ लागले. कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, त्यांना पाठवलेली कमांड होती 'फ्लश कॅश', म्हणजे 'हातात राहिलं असेल ते लिहून टाक'. डेटा सुरक्षित राहावा म्हणूनच जन्मलेली, अगदी पापभीरू कमांड. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला तिचं काम नसतं, म्हणून एलजीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच क्रमांक नवं फर्मवेअर चढवण्यासाठी वापरून टाकला होता. ड्राइव्हला वाटलं, आपला मेंदू बदलायला आलेत. आता 'फ्लश कॅश' बंदीच्या यादीत टाकायची का? टाकली, तर वीज गेल्यावर हार्ड डिस्कवरच्या फाइलींचं काय होईल ते विचारू नका.

2016 च्या सुरुवातीला उलटा प्रकार झाला. लिनक्सवर मुळापासून सगळं पुसणारी 'आरएम -आरएफ' चालवल्यावर एमएसआयचा एक लॅपटॉप पुन्हा सुरूच होईना. मदरबोर्डवरच्या यूईएफआयच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या, सेटिंग्ज लिनक्स फाइलींच्या रूपात दाखवतं. त्याही पुसल्या गेल्या आणि ढिसाळ फर्मवेअरला त्या नसताना उठता येईना. कर्नलवाल्यांनी मग 'आरएम' बंद केलं नाही. ओळखीच्या, पुसल्या तरी चालतील अशा सेटिंग्ज सोडून बाकीच्या फाइलींना हात लावता येणार नाही, एवढं केलं. मला ही पद्धत पटते. नेमकी जी वस्तू नाजूक आहे, तिच्याभोवतीच कुंपण घातलं.

आणि जानेवारी 2021 मधली 'एका ओळीत हार्ड डिस्क खलास' ही बातमी आठवते का? विंडोज 10 वर एनटीएफएसच्या (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) आतल्या एका खास नावाकडे जाणारा पत्ता 'सीडी' या कमांडला दिला, की विंडोज लगेच डिस्क खराब झाल्याचं सांगून दुरुस्तीसाठी रीस्टार्ट मागायचं. 'सीडी' म्हणजे या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जाणं, बस्स. ॲडमिनचे अधिकारही लागत नव्हते. एखाद्या शॉर्टकटच्या आयकॉनला तो पत्ता दिला, तर तो नुसता दिसल्यानंही काम व्हायचं. रीस्टार्टनंतरच्या तपासणीत पुष्कळदा सगळं जागेवर यायचं, आणि एप्रिल 2021 च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं हे भोक बुजवलं. दोष फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये होता, दुरुस्तीही तिथेच झाली. 'सीडी' आजही चालू आहे.

'सामान्य माणसाला त्या कधीच लागत नाहीत'

नावानं लागत नाहीत, कामानं लागतात. पेनड्राइव्हवर उबुंटू चढवताना रूफसमध्ये 'स्टार्ट' दाबता, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं कार्ड तयार करता, जुना लॅपटॉप विकण्याआधी डिस्क नीट पुसून घेता, तेव्हा खाली हेच चालतं: फाइल सिस्टिमला वळसा घालून थेट सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या कच्च्या तुकड्यांवर, लिहिणं. ते बंद केलं तर बटणही मेलं.

आता माझी गोष्ट. एका शाळेला मिळालेल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायचं होतं. दुपारी 'एलएसबीएलके'नं डिस्कची यादी पाहिली होती: पेनड्राइव्ह एसडीबी, 14.9 जीबी. (एसडीबी हे लिनक्सनं डिस्कला दिलेलं नाव, पुन्हा जोडली की बदलू शकतं.) मधे जेवणं झाली, लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत नेला, सगळं पुन्हा लावलं. रात्री साडेअकराला दुपारचीच यादी डोक्यात धरून 'एसडीबी' टाइप केलं आणि एंटर मारला. डीडी काही बोलत नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत बसतो. दहा-बारा सेकंदांनी लक्षात आलं, पेनड्राइव्हचा निळा दिवा गप्प आहे आणि उजवीकडे ठेवलेल्या एक टीबीच्या डिस्कची घरघर सुरू आहे. आता एसडीबी ती होती. कंट्रोल-सी मारेपर्यंत सुरुवातीचा जवळजवळ दीड जीबी गेला होता, अर्थात डिस्कचे भाग कुठे आहेत ते सांगणाऱ्या पार्टिशन टेबलसकट.

वर टोमणा म्हणजे, त्या डिस्कवरच्या फोटोंचा फोल्डर तेव्हा शेजारच्या खिडकीत उघडा होता. स्क्रीनवर आईच्या साठीशांतीचे फोटो, आणि त्यांच्याच पायाखालची जमीन मी नांगरत होतो.

पुढचे तीन दिवस 'डीडीरेस्क्यू'नं अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर थेट उतरवण्यात आणि त्या प्रतीतून 'फोटोरेक'नं फोटो वेचण्यात गेले. बरेच मिळाले. नावं मात्र कायमची गेली. सगळ्या फाइली 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. अजून लावतोय. ज्या जातीच्या कमांडनं घालवलं, त्याच जातीच्या कमांडनं परत दिलं, हे सोयीचं तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. रिकाम्या डिस्कवर ती प्रत लिहायला बंदी असती तर मी तिथेच अडकलो असतो.

त्या रात्री मला हवं होतं ते वेगळंच. सिस्टिमनं म्हणायला हवं होतं, 'ही डिस्क आत्ता वापरात आहे, खिडकी उघडी आहे, लिहू देणार नाही.' मॅकवर तसं होतं: माउंट असलेल्या, म्हणजे सिस्टिमला जोडून वापरात असलेल्या, डिस्कवर डीडी चालवलं तर 'रिसोर्स बिझी' म्हणून ते परत फिरतं, आधी अनमाउंट करावं लागतं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही डिस्कचा एखादा भाग माउंट असेल तर अख्ख्या डिस्कवर लिहू देत नाहीत. तो नियम मोडायचा तर कर्नलमधला एक बिट मुद्दाम चालू करावा लागतो, आणि त्या सवलतीला ते चक्क 'स्वतःच्या पायावर गोळी झाडणं' म्हणतात. आपण धोंडा पाडून घेतो, त्यांच्याकडे बंदूक असते.

लिनक्स इथे मागे आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. मार्च 2024 च्या 6.8 कर्नलमध्ये माउंट केलेल्या डिव्हाइसवर लिहिणं रोखायचा पर्याय आला, पण मूळ सेटिंग 'लिहू द्या' असंच राहिलं. कारण चालू ext4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर काही बदल करणारी जुनी अवजारं त्याच वाटेनं जातात. खालच्या थरातून कोणी लिहिलं तर हा पर्याय अडवणार नाही, हेही तिथेच लिहून ठेवलंय. ती अवजारं सुधारून हे दार बंद व्हायला हवं. फॉरवर्डवाल्यांनी ही मागणी केली असती तर मीही 'पुढे पाठवा' केलं असतं.

नावावरून बंदी घालण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. जीएनयूच्या 'आरएम'नं 2006 पासून मूळ स्लॅश (/), म्हणजे सगळ्या फाइलींचं मुळातलं फोल्डर, पुसायला आपण होऊन नकार द्यायला सुरुवात केली. चांगलंच केलं. पण स्लॅशपुढे एक चांदणी (*) टाकली की शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, आधीच तिचे वीस फोल्डर करून पुढे देतं, आणि आरएमला स्लॅश दिसतच नाही. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरनं लोकांच्या फाइली पुसल्या त्या याच फटीतून: स्क्रिप्टमधलं फोल्डरचं नाव रिकामं निघालं, आणि उरलं स्लॅश-चांदणी.

'मोबाइलमध्ये असलं काही करता येत नाही'

सेटिंग्ज, रीसेट, 'सगळा डेटा पुसा'. पिन टाका, झालं. डीडीला निदान डिस्कचं नाव तरी टाइप करावं लागतं. फोनवर डेटा वाचतो तो फोटो क्लाउडवर आपोआप गेलेले असतात म्हणून.

'व्हायरसचे दात पडतील'

व्हायरस काळ्या खिडकीत बसून कमांड टाइप करत नाही. तो सिस्टिमला थेट हाक मारतो. आणि ही हाक अडवणारं कुंपण विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे: माउंट असलेल्या व्हॉल्यूमच्या (डिस्कच्या भागाच्या) सेक्टरवर साधा प्रोग्राम, ॲडमिन म्हणून चालवला तरी, थेट लिहू शकत नाही. ऑगस्ट 2012 मध्ये सौदी अरामको या तेल कंपनीच्या सुमारे 30,000 कॉम्प्युटरांच्या डिस्क शमून या व्हायरसनं पुसल्या. कुंपण ओलांडायला त्यानं एका कंपनीचा रीतसर सही असलेला डिस्क ड्रायव्हर सोबत आणला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर सुटलेल्या हर्मेटिकवायपरनं तीच युक्ती पार्टिशनच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरवर केली. कुलूप मजबूत होतं, चोरानं किल्लीवाल्यालाच बरोबर घेतलं.

जून 2017 चा नॉटपेट्या हा व्हायरस आपल्याही दारात आला होता. न्हावा-शेवाला जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीशी संबंधित टर्मिनल त्यानं ठप्प केलं. तो डिस्कचा बूट सेक्टर (मशीन सुरू होताना वाचला जाणारा पहिला तुकडा) बदलायचा, पण तिथवर पोचला कसा? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, मग पॅच न मारलेल्या मशीनमधून आणि चोरलेल्या ॲडमिन पासवर्डांच्या जिवावर पसरला. ॲडमिन झालेल्याकडून डिस्क वाचवायला बसणं म्हणजे घरात शिरलेल्याला फक्त फ्रिज उघडू नको म्हणण्यासारखं.

'निदान तीन वेळा विचारा'

मला त्या रात्री तीन वेळा विचारलं असतं तर मी तीनदा 'वाय' दाबलं असतं. मला खात्री होती ना! खात्री असलेल्या माणसाला 'खात्री आहे का' विचारून काय मिळणार? त्यापेक्षा 'डिस्क 931.5 जीबी, माउंट आहे' एवढी एक ओळ दाखवली असती तर हात थांबला असता. उलट विंडोजच्या 'डिस्कपार्ट' या अवजारातलं डिस्क पुसणारं 'क्लीन' एकदाही विचारत नाही आणि निवडलेली डिस्क नुसत्या आकड्यानं ओळखते. तिथे एक ओळ टाकाच, यात वाद नाही.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरनं रात्री उशिरा डेटाबेसचा फोल्डर पुसला. त्याला वाटलं आपण दुसऱ्या सर्व्हरवर आहोत. होता मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तोवर 300 जीबीतले साडेचार उरले होते. सिस्टिमच्या दृष्टीनं त्या कमांडमध्ये गैर काहीच नव्हतं. फोल्डर बरोबर, अधिकार बरोबर. फक्त मशीन दुसरं. रोजचे बॅकअप पाहायला गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारं अवजार जुन्या आवृत्तीचं असल्यानं कित्येक दिवस फसत होतं आणि त्याच्या इशाऱ्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी कामी आला सहा तास आधीचा डिस्कचा एक एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. तो त्याच इंजिनिअरनं चाचणीसाठी हातानं काढला होता, रूटचे, म्हणजे सर्वोच्च ॲडमिनचे, अधिकार वापरून, थेट डिस्कच्या थरावर.