स्तनपान सल्लागारांच्या संघटनेने कोणाची बाजू घ्यावी?

स्तनपान सल्लागारांच्या व्यावसायिक संघटनेचे काम काय, असे सभासदांना विचारले तर परिषदा, प्रशिक्षण, व्यवसायाला मान्यता मिळवून देणे आणि रुग्णालयांत पदे निर्माण करवून घेणे, अशी उत्तरे मिळतात. ही सगळी कामे आवश्यक आहेत आणि या क्षेत्रात काम करणारी एक सभासद म्हणून मलाही ती हवीच आहेत. परंतु माझे ठाम मत असे आहे की या संघटनेची पहिली बांधिलकी अशा बाळंतिणीशी असली पाहिजे, जी कधीही वर्गणी भरणार नाही, मतदान करणार नाही आणि जिला अशी संघटना अस्तित्वात आहे हेदेखील बहुधा ठाऊक नसेल. सभासदांचे हित आणि तिचे हित जिथे एकमेकांपासून दूर जाते, तिथे संघटना कोणाच्या बाजूने उभी राहते, यावरून मी तिची पारख करते.

हा व्यवसाय मुळात मातांनीच उभा केला आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात मातांनी ला लेचे लीग या स्तनपानास मदत करणाऱ्या संघटनेची स्थापना केली. त्या काळात तेथील बहुसंख्य बाळे बाटलीवर वाढत होती आणि अंगावर पाजू इच्छिणाऱ्या आईला नेमके कसे पाजायचे हे सांगणारे कोणी जवळपास नसे. पुढे १९८५ मध्ये स्तनपान सल्लागारांची पहिली आंतरराष्ट्रीय परीक्षा झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्तनपान सल्लागार संघटना, म्हणजे इल्का, स्थापन झाली. परीक्षा घेणारे मंडळ आणि सभासदांची संघटना या दोन संस्था तेव्हापासून स्वतंत्र आहेत, आणि मला हा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. जी संस्था सभासदांची बाजू मांडते, तिनेच कोण पात्र आणि कोण अपात्र हेही ठरवले, तर एखाद्या आईची तक्रार आल्यावर तिला निःपक्षपाती राहणे कठीण जाईल.

पात्रतेचा एवढा आग्रह कशासाठी, हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. ‘दूध पुरत नाही’ अशी तक्रार घेऊन आई येते, तेव्हा सल्लागार प्रथम संपूर्ण पाजणे शांतपणे पाहते. बाळाचे तोंड पुरेसे उघडले आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, चोखताना गालांना खळ्या पडत आहेत का, आणि मुख्य म्हणजे गिळल्याचा आवाज येतो आहे का, हे ती टिपत राहते. बाळ सुटल्यावर स्तनाग्र एका बाजूने चपटे होऊन तिरके दिसले, तर पकड वरवरची होती हे तिला कळते. मग आईची बैठक आणि बाळाचा कोन किंचित बदलला तरी कित्येकदा वेदना तिथल्या तिथे कमी होते. हेच नीट न पाहता वरचे दूध सुरू केले, तर बाळ छातीशी कमी वेळ राहते, स्तन पुरेसे रिकामे होत नाहीत आणि शरीर तितकेच दूध कमी तयार करते. म्हणजे सुरुवातीला जी केवळ भीती होती, ती काही आठवड्यांत खरी ठरते. उलट, बाळाचे वजन खरोखरच वाढत नसेल, तर धीर देत बसणे धोक्याचे असते. तिथे ताबडतोब पूरक दूध द्यावे लागते आणि डॉक्टरांकडे पाठवावे लागते. हा फरक ओळखणे वाचनाने येत नाही. आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसण्याच्या एका मार्गात अनुभवाचे १००० तास, तर दुसऱ्यात थेट देखरेखीखालचे ५०० तास मागितले जातात, त्याचे कारण हेच. मात्र बहुतेक देशांत ‘स्तनपान सल्लागार’ या नावाला कायद्याचे संरक्षण नाही, त्यामुळे थोडक्या वेळाचा वर्ग केलेली व्यक्तीही तीच पाटी लावू शकते. कोणत्या प्रशिक्षणानंतर काय करता येते आणि काय करता येत नाही, हे सामान्य आईला समजेल अशा भाषेत जाहीर करणे संघटनेला सहज शक्य आहे, आणि ते तिने केलेच पाहिजे.

ज्ञान अद्ययावत ठेवण्याच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. स्तनात गाठ आली, लाली चढली की जोरात चोळा, गरम शेक द्या आणि पंपाने स्तन पूर्ण रिकामा करा, असा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्तनदाहाविषयीची आपली मार्गदर्शिका बदलली आणि जोरकस मालिश टाळावे, सूज उतरवण्यासाठी थंड शेक घ्यावा, बाळाला मागेल तसे पाजावे पण ‘रिकामे करण्यासाठी’ जास्तीचे दूध काढू नये, असे सांगितले. अतिरिक्त पंपिंगमुळे दूधनिर्मिती वाढते आणि सूज आणखी बळावते, हे त्यामागचे कारण. इतका मोठा बदल प्रत्येक सभासदापर्यंत त्वरित पोहोचला पाहिजे, आणि ‘आमचा आजवरचा सल्ला बदलला आहे’ हे मातांनाही उघडपणे सांगितले पाहिजे. जुन्या सल्ल्यामुळे ठणकणारा स्तन चोळत बसणाऱ्या आईच्या वेदनेपेक्षा व्यवसायाची प्रतिष्ठा मोठी असूच शकत नाही.

आता पैशाकडे येते, कारण सर्वांत कठीण कसोटी तिथे लागते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विपणनाविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. पावडरच्या दुधाबरोबरच बाटल्या आणि त्यांची चोखायची निपलेही तिच्या कक्षेत येतात. पंप येत नाहीत. पण पंप विकणारी कंपनी बाटल्याही विकत असेल, तर त्या बाटल्यांची जाहिरात ती कशी करते याला संहिता लागू होते. परिषदांच्या प्रायोजकत्वाचा वाद नेमका इथे सुरू होतो. आवार भाड्याने घ्यायचे, वक्ते बोलवायचे, शुल्क कमी ठेवायचे, तर पैसा आणायचा कुठून, हा आयोजकांचा प्रश्न खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. तरीही अशा कंपनीचा पैसा नाकारलाच पाहिजे असे मी म्हणते, कारण प्रायोजकत्वाचा परिणाम एखाद्या सभासदाची सचोटी डळमळण्यापुरता नसतो. कंपनीची पिशवी खांद्याला लावून परतलेली सल्लागार दुसऱ्या दिवशी ज्या आईसमोर बसते, तिला त्या पिशवीवरचे नाव म्हणजे तज्ज्ञांची शिफारसच वाटते. जागतिक आरोग्य सभेने २०१६ मध्ये स्वागत केलेल्या मार्गदर्शनातही अर्भकांसाठीचा आहार विकणाऱ्या कंपन्यांनी आरोग्य व्यावसायिकांच्या सभांना प्रायोजकत्व देऊ नये, असे म्हटले आहे. हे अव्यवहार्य आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रिटनकडे पाहावे. २०१९ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने फॉर्म्युला म्हणजे पावडरचे दूध विकणाऱ्या कंपन्यांकडून निधी घेणे थांबवले आणि त्याच वर्षी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या जाहिराती बंद केल्या. स्तनपान हाच ज्यांचा विषय आहे, त्यांच्या संघटनेने याहून सैल नियम ठेवणे मला मान्य होण्यासारखे नाही.

हीच काटेकोर वृत्ती सभासदांच्या उत्पन्नाबाबतही हवी. सल्ला देणारी व्यक्तीच पंप भाड्याने देत असेल, किंवा बाळाची जीभ खाली बांधली गेली आहे म्हणून तिच्याखालची पट्टी कापून घेण्यासाठी ठरावीक ठिकाणी पाठवून मोबदला घेत असेल, तर तो सल्ला निर्मळ राहत नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२४ च्या अहवालानुसार, जिभेची अशी ठेवण असलेल्या बाळांपैकी निम्म्यांहून कमी बाळांनाच पिण्यात अडचण येते. म्हणून शस्त्रक्रियेआधी पकड सुधारण्याचा प्रयत्न झालाच पाहिजे.

दुसरीकडे, संघटनेने आपल्याभोवती कुंपण घालू नये असेही मला तितक्याच तळमळीने वाटते. प्रशिक्षित माता-स्वयंसेविका, परिचारिका आणि सुईणी यांच्या आधारानेही स्तनपान अधिक काळ टिकते, हे संशोधनातून दिसून आले आहे. बहुतेक मातांना पहिल्या दिवसांत असा आधारच पुरेसा असतो. गुंतागुंतीच्या प्रसंगी कोणाकडे पाठवायचे, याची वाट मोकळी असली म्हणजे झाले. ज्या स्त्रिया स्वतः सामान्य मातांच्या वस्तीत आणि भाषेत वाढल्या आहेत, त्यांना मात्र देखरेखीखालचे तास विनावेतन पूर्ण करणे आणि परीक्षेचे शुल्क भरणे अवघड जाते, त्यामुळे या व्यवसायात त्या फार कमी दिसतात.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. परिषदेला आणि प्रत्येक वक्त्याला कोणाकडून किती पैसे मिळाले, याचा तपशील नोंदणी सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध करावा, हा पहिला. आणि वर्गणीचा ठरावीक हिस्सा बाजूला ठेवून त्यातून प्रशिक्षणार्थींच्या देखरेखीखालच्या तासांसाठी मानधन द्यावे, हा दुसरा. या ठरावांना अनुमोदन देण्याची ज्या सभासदांची तयारी असेल, त्यांनी मला जरूर कळवावे.