‘कॅनॉलात पाणमांजर नसतं’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

‘कॅनॉलच्या मोरीपाशी (पाणी जायच्या छोट्या पुलापाशी) पाच पाणमांजरं’ या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. खालीच दोन ओळीत उत्तर देणार होतो, मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की कॅनॉलात पाणमांजर नसतं, मी बघितलं ते मुंगूस, फोटोत काही कळत नाही, जागेचं नाव द्यायला नको होतं, आणि शेवटी वर हे, "मोबाईल हातात आला की हल्ली कुठलाही हौशी माणूस वन्यजीव अभ्यासक होतो."

आधी हे हौशीचं बघू. मी कुठं स्वतःला अभ्यासक म्हणवून घेतलंय ते दाखवा. राहता राहिला मोबाईल, तर आमच्या हातात मोबाईल यायच्या आधी नदी आली होती. मी कृष्णाकाठच्या भिलवडीच्या जवळचा. आजोबा आम्हाला पोहायला न्यायचे तेव्हा आधी स्वतः काठावर उभं राहून पाच मिनिटं पाणी बघायचे, मगर कुठं आहे त्याचा अंदाज आला की मगच आम्ही उतरायचं. औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात मगर म्हणजे सहलीला जाऊन बघायची गोष्ट नाही. रात्रीची लाईट आली की जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीवर, मोटर चालू करायला जाणारा माणूस बॅटरी मारतो, पाण्यावर दोन लालसर ठिपके चमकले की तिथूनच मागं फिरतो. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला मुंगूस ओळखता येत नाही असं तुम्हाला घरी बसून वाटलं, कमाल आहे.

एक चूक मान्य. पोस्टमध्ये एका ठिकाणी ‘उदमांजर’ लिहिलं होतं. ऊद म्हणजे पाणमांजरच, संस्कृतात उद्र, पण उदमांजर म्हटलं की बरेच जण झाडावरचा कांडेचोर समजतात. दुरुस्त केलंय. बघा, चूक कबूल करायला मला जड जात नाही.

आता मुंगूस. मुंगसाची शेपूट झुपकेदार, केस राठ. मी बघितली त्यांची अंगं ओली तुळतुळीत, शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडं चपटी होत गेलेली, आणि पाच जण एकामागं एक बुडी मारून पार पलीकडं निघत होते. मुंगूस वेळ आली तर पोहतं, पण बुड्या मारून मासे धरत नाही. एकानं चिलापी काठावर आणून डोक्याकडनं खाल्ली, कुडुम कुडुम आवाज माझ्यापर्यंत येत होता. ते गेल्यावर मोरीच्या कठड्यावर जाऊन बघितलं तर विष्ठेत नुसते खवले आणि वास असा की दुपारचं जेवण गेलं नाही. चिखलात पाच बोटांचे ठसे, मधल्या पडद्यासकट. मुंगसाच्या बोटात पडदा कधीपासून आला ते कळवा.

आणि कॅनॉलात का, तर आवर्तन, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडायची पाळी, संपतं तेव्हा पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, गेट पाडतो, पाणी उतरतं आणि मोऱ्यांपाशी, सायफनपाशी डबकी राहतात. वरनं वाहत आलेले सगळे मासे त्या डबक्यात कोंडतात. म्हणजे आयतं ताट वाढलेलं. आमचा कॅनॉल कराडजवळ खोडशीला कृष्णेतनंच निघतो, मातीचा, जागोजागी पाझरणारा, दोन्ही अंगाला पाणकणीस माजलेलं. जनावराला नदी कुठं संपली आणि कॅनॉल कुठं सुरू झाला याचा बोर्ड लावलेला नसतो हो. तिकडं उत्तर प्रदेशात शारदा कालव्यात गंगा डॉल्फिन जातीचे डॉल्फिन नदीतनं येऊन अडकतात. 2020 च्या 31 डिसेंबरला प्रतापगढला अशाच एका डॉल्फिनला लोकांनी काठ्या-कुऱ्हाडींनी मारलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. 2019 च्या पुरात रायबाग तालुक्यात मगर घराच्या कौलांवर जाऊन बसली. चिपळूणला 2024 च्या जूनअखेर पावसात मगर भर रस्त्यात चालत होती, बाजूनं रिक्षा जातीय. रस्त्यावर मगर चालते आणि कॅनॉलात पाणमांजर चालत नाही, असं कसं?

फोटोबद्दल काय बोलू. पहाटेचं धुकं, माझा फोन चार वर्षं जुना, हात थंडीनं आणि खरं सांगायचं तर आनंदानं कापत होता. तुमच्याकडं मोठी लेन्स असेल, छान आहे.

जागेचं म्हणाल तर तो मुद्दा मला उगाच ताणलेला वाटतो. ती मोरी गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे, मी काही गुपित फोडलं नाही. पाणमांजराच्या कातडीचा धंदा चालतो, 2019 ला त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, हे मलाही माहितीये, शिकवू नका. माझा ब्लॉग वाचून कोण सापळा घेऊन येणार आहे? मोजून चाळीस जण वाचतात, त्यातले सहा माझे मावसभाऊ.

चारीच्या बाजूनं रोज जाणाऱ्या पाटकऱ्यानं मला आधी सांगितलं होतं, "पाव्हणं, पाण्यात कुत्री खेळत्यात." त्यालाही तुम्ही हौशी म्हणणार का? पुढचं आवर्तन संपलं की मी परत जाणार आहे. यायचं असेल तर मेल करा, पहाटे साडेपाचला स्टँडवर भेटू, चहा माझ्याकडनं.

आणि हो, मोरीचा नंबर पोस्टमधून काढलाय. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, बायको म्हणाली म्हणून.