टिशबाइनच्या एका चित्रावरून सगळ्या जर्मन चित्रकारांचा निकाल नका लावू

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, जर्मन चित्रकार टिशबाइनचं ते १७८७ चं चित्र लावून, पांढरट झगा आणि मोठी हॅट घातलेला जर्मन कवी गटे रोमबाहेरच्या माळावर पडक्या दगडांवर रेललाय ते, आणि खाली लिहिलंय की जर्मन चित्रकारांना खरं रोम दिसलंच नाही, सगळे गटेचं पुस्तक वाचून आले आणि नुसते भग्नावशेष रंगवत बसले. हे बरोबर नाहीये.

आधी पुस्तकाचं बघू. गटेचं इटली प्रवासाचं पुस्तक छापून आलं १८१६-१७ मधे. जर्मन चित्रकारांपैकी हाकर्ट रोमला पोचला १७६८ ला, राइनहार्ट १७८९ ला, आणि टिशबाइन तर गटेच्या आधीपासून तिथे होता, उलट गटेच त्याच्याकडे रहायला गेला!

आता ते चित्र. मागचं थडगं, दगड, सगळं जुळवून मांडलंय हे मान्य. पण त्याच टिशबाइनने त्याच गटेचं अजून एक छोटं चित्र केलंय, रोममधल्या कोर्सो रस्त्यावरच्या त्यांच्या घरातलं, गटे पाठमोरा, घरातल्या चपला घालून खिडकीतून वाकून खाली रस्त्यावर बघतोय. मला हे मोठ्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त आवडतं, कारण यात ना देव ना खांब, भाड्याची खोली आणि बाहेरचं शहर बघायची उत्सुकता, बस.

"फक्त भग्नावशेष" हा तर सगळ्यात चुकीचा मुद्दा. राइनहार्टने बव्हेरियाच्या राजा लुडविगसाठी रोममधल्या व्हिला माल्टा या हवेलीवरून दिसणारी चार दिशांची चार मोठी चित्रं केली, १८२९ ते ३५, त्यात घरांची छपरं, बागा, चर्चचे घुमट, म्हणजे तेव्हाचं रहातं रोम आहे, आणि हा माणूस १८४७ मधे मरेपर्यंत तिथेच राहिला. ओव्हरबेक हा चित्रकार आणि त्याचे मित्र धार्मिक चित्रांत रमले, शहर त्यांनी फारसं रंगवलं नाही हे खरं, पण म्हणून सगळ्यांना एका माळेत कशाला ओवायचं?

आणि माणसं? जर्मन चित्रकार काटेलचं १८२४ चं चित्र बघा, रोममधल्या टायबर नदीकाठचा एका स्पॅनिश माणसाचा गुत्ता, टेबलाभोवती तोच लुडविग (तेव्हा अजून युवराज) आणि चित्रकार-शिल्पकार दोस्त, मालक वाइन घेऊन येतोय, आणि उघड्या दारातून समोरची आव्हेन्टिन टेकडी दिसतेय.