एकाच दिवसाची पिल्लं

मोटारसायकलच्या कॅरियरला जाळीची खोकी बांधून येणाऱ्या पिल्लंवाल्याकडे एकच माल असतो: गावरान. पिवळं पिल्लू गावरान, काळं गावरान, पाठीवर पट्टे असलेलंही गावरान. "सगळी एकाच दिवसाची हायती, साहेब," असं तो गळ्याला चिमूट लावून सांगतो. ते खरंही असावं. पण महिन्याभराने शेजारचे तात्या आमच्या परसात डोकावले आणि म्हणाले, "ह्यातली आई कुठली आन् पिल्लं कुठली?"

पिसं फुटू लागली तसा उलगडा झाला. गावरान या नावाखाली परसात त्रिराज्य परिषद भरली होती. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधनवाल्यांचा, दोन्ही झपाट्याने वाढणाऱ्या सुधारित जाती, आणि उरलेली खरोखरच गावठी. किलोभर व्हायला पाच-सहा महिने घेणारी, कसलीच घाई नसलेली जात ही. त्यात पुन्हा नर मादीपेक्षा भराभर वाढतो. म्हणजे गिरिराजचा नर आणि गावठी मादी शेजारी उभी राहिली, की पिल्लंवाल्याची शपथ आठवून हसू येतं.

हसू फार टिकत नाही, कारण कुक्कुटपालनाचं सगळं शास्त्र वयावर चालतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पांगून चोची वासून बसली तर उकडतंय. वाचायला सोपं आहे. आमच्याकडे निम्मी गोळा व्हायची आणि निम्मी चोची वासायची, तीही एकाच वेळी. मी बल्ब वर घ्यायचो. आई येऊन खाली करायची. "बारकी काकडतील रे." मग मोठी धापा टाकायची, मी पुन्हा वर. आमच्या घरात मतभेद वितीच्या मापात मोजायची सोय यापूर्वी नव्हती.

खाद्याच्या भांड्याचा नियम त्याहून गोड. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यावी. कुणाच्या पाठीच्या? खाली दोन विटा ठेवल्या, तर बारकी मंडळी तळाशी उभी राहून वरून सांडेल ते टिपणार. विटा काढल्या, तर थोरले थेट भांड्यात उतरून दोन्ही पायांनी भरडा उकरणार, आणि सकाळचं खाद्य दुपारी तुसात शोधायचं. एक समता मात्र मनापासून पाळली गेली. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीचा थेंब लहानथोर सगळ्यांच्या डोळ्यात एकेकच पडला, आणि ओरडण्यात सगळ्यात पुढे तो थोराड गिरिराज.

त्या गिरिराजाचं वेगळंच होतं. अंग वाढवायच्या नादात पिसांकडे लक्ष द्यायचं राहिलं असावं. छाती-पोट उघडं, ढांगा लांब, आवाज अजून पिल्लाचाच. त्याच्या निम्म्याने असलेलं गावठी पिल्लू केव्हाच अंगभर पिसं लेवून शेपटीसकट तयार. पाहुणे गिरिराजाला बघून हळहळायचे आणि बारक्याला बघून "आजारी आहे का?" म्हणायचे.

टोचाटोची सुरू झाली ती चौथ्या आठवड्याच्या आसपास. कुणी कुणाला टोचायचं याची कोंबड्यांत ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये मांडलं. मी हे आईला कौतुकाने वाचून दाखवलं. तिने तांदूळ निवडता निवडता सांगितलं, की तिला ते लग्न होऊन या घरात आल्यावर आठवड्याभरात कळलं होतं. आत्याबाई तेव्हा पडवीतच बसल्या होत्या, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

शेवटी खुराड्याच्या मधोमध तारेची जाळी मारली. अलीकडे बारकी आणि बल्ब, पलीकडे थोरले आणि विटांवरचं भांडं. दोन खोल्या, दोन उंच्या, दोन तापमानं. आई आणि मी, दोघंही एकदम बरोबर ठरण्याची ही पहिलीच वेळ. दिवसभर शांतता होती.

संध्याकाळी पाहतो तर सगळ्यात बारकं पट्ट्यांचं पिल्लू जाळीच्या भोकातून आरामात आरपार. पलीकडे जाऊन थोरल्यांच्या पायांखालून जेवलं, अलीकडे येऊन पुन्हा जेवलं आणि बल्बखालची मधली जागा धरून बसलं. गिरिराजाने त्याच्यामागून यायचा प्रयत्न केला. डोकं आलं, बाकीचा गिरिराज आला नाही. तो बोंब मारत होता, मी पक्कड शोधत होतो, आणि आई म्हणत होती, "ती जाळी जपून काप रे, बारक्याला येता-जाता लागेल."