मांजरासाठी एवढा ऑर्केस्ट्रा

परवा रात्री मी भर थिएटरात एका अनोळखी माणसाची चादर ओढून डोक्यावर घेतली. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत झालेलं आहे. तुम्हीच तेवढे कशाला मागे राहताय?

सिनेमा भुताचा. बाहेर दिवसभर ४३ अंश तापून सोलापूरची भाकरी झालेली आणि आत एसी असला की दात वाजावेत. शेजारच्या खुर्चीवर साठी उलटलेले एक अण्णा घरची चादर पांघरून बसले होते. तीच आपली, मोठाल्या फुलांची, दोन माणसं मावतील अशी. सोलापुरात चादरीला कुणी हसत नाही. मी हसलो आणि ते अंगाशी आलं.

नायिका कंदील घेऊन माजघरात शिरली. खाली बारीक व्हायोलिनं चाललेली. मग तीही थांबली. पूर्ण शांत. आणि मग असा काही धडाम आवाज झाला की मी ‘आई गं!’ करून हाताला लागेल ते ओढलं. हाताला चादर लागली. फडताळातून मांजर बाहेर पडलं होतं.

पुढच्या रांगेतलं एक सात-आठ वर्षांचं पोरगं मागे वळलं, मला नीट बघितलं आणि बापाला म्हणालं, “पप्पा, ते अंकल रडायलेत.”

रडत नव्हतो. हे लेखी असावं म्हणून लिहून ठेवतो.

अण्णांनी चादर सोडवून घेतली नाही, उलट माझ्या खांद्यावर नीट सारखी केली. “राहू द्या सर. मांजर होतं.” (आमच्याकडे डोळ्यावर चष्मा असला की माणूस आपोआप सर होतो. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही.)

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा चादरीचं एक टोक अजून माझ्याच मांडीवर होतं. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, “अण्णा, तुम्ही दचकला नाहीत?”

“कळलं होतं की.”

“कसं?”

“वाजायचं बंद झालं न्हवं का? पस्तीस वर्षं मागावर काढली सर मी. एका शेडात चोवीस माग. त्या आवाजात मी जेवलो, झोपलो, पोरीचं लग्न ठरवलं. खटक-खटक चाललंय तवर काही भ्या नाही. बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. लाईट गेली की सगळेच थांबतात. गप्प झालं की छातीत धस्स होतं बघा. मालक येतो.”

“भुतापेक्षा मालक बरा ना?”

“भूत पगार कापत नाही ओ.”

आता मला गेलेली इज्जत थोडी तरी परत मिळवायची होती. बाकी काही नसलं तरी सिनेमाच्या संगीताबद्दल मी थोडंफार वाचलेलं आहे आणि ऐकायला माणूस सापडत नाही. घरी तर नाहीच. मी सुरू झालो. म्हटलं, १९६० साली हिचकॉक या दिग्दर्शकाचा ‘सायको’ आला. बर्नार्ड हरमन नावाच्या संगीतकारानं त्यात ना ढोल वापरला ना बाजा, नुसती तंतुवाद्यं.

“का?”

“बजेट कमी होतं.”

“हां,” अण्णा म्हणाले. त्यांना आतापर्यंतचं सगळ्यात पटलेलं वाक्य हे होतं.

“तर त्यात एक बाई न्हाणीघरात असते. हिचकॉकनं बजावलं होतं, इथं संगीत नको. हरमननं तरी लिहिलं. किंचाळल्यासारखी व्हायोलिनं! हिचकॉकनं ऐकलं आणि स्वतःचं म्हणणं मागे घेतलं. वर त्याचं मानधनही वाढवलं.”

अण्णांनी चादर खाली ठेवली. “मालकानं नको म्हणलेलं काम केलं?”

“हो.”

“आणि मालकानं पगार वाढवला?”

“हो.”

“कुठल्या गावात, सर?”

मी विषय बदलला. ‘जॉज’ घेतला, १९७५. म्हटलं, शार्क येणार हे जॉन विल्यम्सनं दोन सुरांत सांगितलं. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून पडद्यावर तो फारसा दाखवता यायचा नाही, संगीतावरच भागवलं. त्यावर अण्णा माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या थाटात म्हणाले, “मशीन पाण्यात घातल्यावर बिघडणारच की. गंज धरतो.” दोन सुरांबद्दल काही बोलले नाहीत.

मग तेच बोलते झाले. पूर्वीचं भूत गाणं म्हणायचं, हे त्यांचं दुःख. बरोबर आहे. १९४९ च्या ‘महल’मध्ये ‘आएगा आनेवाला’ लागतं. खेमचंद प्रकाशांची चाल, लताबाईंचा आवाज. ती बाई लांबून येते, कुणाच्या अंगावर ओरडत नाही. आपल्याकडे भुतीण व्हायचं तर आधी गळा लागायचा. लांब कशाला, गड्ड्याच्या जत्रेतल्या भूतबंगल्यात लहानपणी मी शिरलो तेव्हा आत टेपवर एक बाई हसायची. टेप इतकी घासलेली की ती मध्येच दमून खोकल्यासारखी हसायची. तरी मी घाबरलो, पण त्यात काहीतरी मेहनत होती.

आता काय? दर तीन मिनिटांनी धडाम. दार लागलं, धडाम. मैत्रिणीनं मागून खांद्यावर हात ठेवला, धडाम. मांजरासाठी एवढा ऑर्केस्ट्रा? मांजर आमच्या घरात रोज येतं, दूध पिऊन जातं, एक व्हायोलिन वाजत नाही. माझा खरा राग इथं आहे. त्या धडामला कुणीही दचकेल, कारण तो नुसता मोठा आहे. सात रस्ता चौकात मागून कुणी कर्कश हॉर्न मारला तरी मी असाच उडतो. पण तो हॉर्नवाला त्याबद्दल माझ्याकडून अडीचशे रुपये आणि वर पॉपकॉर्नचे वेगळे घेत नाही. भीती वाटणं निराळं आणि कानफटात बसणं निराळं. त्यात थिएटरचे उजवीकडचे स्पीकर बंद. भूत खिडकीतून येवो की छतावरून, आवाज आपला डावीकडून. डोअरकीपरला सांगितलं तर म्हणतो, “दुसरं कुणी बोललं नाही.” दुसरं कुणी का बोलेल? सगळे माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या भागात अण्णा सरळ झोपले. किंकाळ्या, घंटा, ढोल, सगळ्यात घोरत होते. संगीत थांबलं की मात्र टक्क डोळे उघडायचे, चादरीचं टोक माझ्याकडे सरकवायचे आणि हळूच म्हणायचे, “सर, धरा.” मी धरायचो. दोन सेकंदांत धडाम. एकदाही चुकले नाहीत. शेवटी ते पोरगं पडद्याकडे पाठ करून आमच्याकडेच बघत बसलं.

निघताना कळलं की अण्णांची धाकटी बहीण आमच्याच गल्लीत, तिसऱ्या घरात दिलेली आहे. तिथंच माझं कपाळ फुटलं.

त्या रात्री आमच्याकडे पाण्याची पाळी होती. चार दिवसांनी येतं, तेही रात्री तीनला. नळ उघडा ठेवून, खाली पिंप लावून मी अंथरुणाला पाठ टेकली. जागा राहायचं कबूल केलं होतं. तीनच्या सुमाराला अंधारात नळातून आधी हवा आली. फुस्स... मग घशातून खाकरल्यासारखं काहीतरी. मला कळत होतं, हे पाणी आहे. तरी मी चादर डोक्यावरून घेतली. मग धार सुरू झाली. तिच्या एकसुरी आवाजात बरं वाटलं आणि डोळा लागला.

जाग आली ती एकदम. सगळं शांत होतं. बायको अंधारात ताठ उठून बसली होती.

“अहो,” ती म्हणाली, “बंद झालं.”

पिंप एक भरलं होतं. हंडे, कळशी, बादल्या, सगळं रिकामं. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा तिसऱ्या घरातल्या वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. “पाणी भरलं का सर?” त्यांनी विचारलं. आजवर त्या मला कधीच सर म्हणाल्या नव्हत्या.