"मस्त भरलीस की गं!"

आज होटगी रोडच्या एका कार्यालयात लग्न होतं. पंगतीत भाची माझ्या शेजारी. पानात दोन पुऱ्या, मसालेभात, जिलेबी, आणि ती जेवत होती. तेवढ्यात नात्यातल्या एक काकू आल्या, तिचा गाल धरून म्हणाल्या, "अगंबाई, मस्त भरलीस की गं! मागच्या वर्षी कशी काडी झाली होतीस."

झालं. घास पानाच्या कडेला. उरलेली पंगतभर पोरगी बोटाने मीठ इकडून तिकडे करत बसली. आठ महिन्यांची आमची मेहनत, आणि ह्यांचं अर्ध्या मिनिटाचं कौतुक!

(तिला विचारूनच लिहितेय. तिला अॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवणच तोडायला लावणारा मनाचा आजार.)

दीड वर्षापूर्वी ही कडक भाकरी चुरायची. बारीक चुरून आमटीत कालवून ताटभर पसरायची. बघणाऱ्याला वाटावं, निम्मी संपली. उरलेला चुरा ओढणीत. एकदा धुणं भिजवताना ताईच्या हाताला ओढणीची गाठ लागली. सोडली तर ज्वारीचा भुगा.

त्याआधी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास सुरू. आजी खूश. संक्रांतीला अख्ख्या घराला शेंगापोळ्या लाटून वाढल्या, स्वतः तुकडा नाही. आम्ही म्हणालो, किती गुणाची! १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. तेही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे आणि कशावरूनही चिडायचे. उपासमार डोक्याचा असा ताबा घेते, आणि लोक म्हणतात, "जरा समजावून सांगा, खाईल." नखरे म्हणे! पाळी बंद, नाडी मंद, एप्रिलच्या सोलापुरात हातपाय गार. हे नखरे? एका डॉक्टरांनी तर टॉनिक लिहून दिलं आणि "लग्न करून टाका" म्हणाले. शिव्या गिळल्या मी.

हो, टोमण्यानेच हा आजार होतो असं नाही. अनुवंश असतो, स्वभाव असतो. मान्य. पण म्हणून जिभेला मोकळीक?

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी रक्त तपासलं. एकदम भरपूर चारू नका म्हणाले, उपाशी शरीरात त्याने रक्तातलं फॉस्फेट घसरतं, जिवावर बेतू शकतं. मग लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात घडलेली पद्धत. काही महिने काय आणि किती खायचं ते आईबाप ठरवणार. वाद नाही, शपथा नाहीत, फक्त शेजारी बसायचं. ताई बसली. तीन जेवणं, मधलं खाणं वेगळं. एका भाकरीला सव्वा तास. पोरगी रडायची, ताई स्वयंपाकघरात जाऊन रडायची, परत येऊन बसायची.

लिहिता लिहिता राग उतरला. खरं सांगते, ती पहिल्यांदा बारीक झाली तेव्हा नवी पेठेतून लहान मापाचा ड्रेस मीच आणला होता. "काय फिगर झालीय!" हेही मीच म्हणाले होते. काकूंना कोणत्या तोंडाने बोलू?

रात्री घरी ताईने ताट वाढलं. भाकरी, शेंगाचटणी, दही. पोरगी बराच वेळ नुसती बघत राहिली, मग तुकडा मोडला. माझी नजर आपोआप ओढणीकडे गेली. तिने ती बरोबर पकडली, आणि हसली.